बिनरेघेचा ‘अग्निबाण’

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या कोणत्याही दोन मुलांचे हस्ताक्षर सारखे नसते. कुणाचे गोल, कुणाचे लांबट, कुणाचे मुंग्यांच्या रांगेसारखे. छापील अक्षरांचेही तसेच असते. त्यांच्या एकेका वळणाला फॉन्ट म्हणतात. मी असाच एक जुना फॉन्ट आहे. माझे नाव ‘अग्निबाण’.

मला हातात धरता येत नाही. जिथे मला छापतात, रंगवतात किंवा चिकटवतात, तिथे मी असतो. त्यामुळे एकाच वेळी मी पुष्कळ ठिकाणी उभा राहिलो आहे आणि पुष्कळ पाहिले आहे. बोलता मात्र मला येत नाही. लोक मला वाचतात तेव्हाच माझा आवाज होतो. कुणी मला चुकीचे वाचले, तर त्याला हाक मारून मी थांबवू शकत नाही. हे मला एका दारावर कळले. त्या दिवशी मी जो हादरलो, तो अजून पुरता सावरलेलो नाही.

पण आधी माझ्या जन्माचे सांगतो.

मी जन्मलो नव्वदच्या दशकात, नवी मुंबईतल्या वाशीला. एपीएमसी मार्केटच्या, म्हणजे तिथल्या घाऊक बाजाराच्या, मागच्या रस्त्यावर रणजीत नावाच्या तरुणाचे पाट्या आणि पत्रिका करून देण्याचे दुकान होते. रणजीत मूळचा कोरेगावकडचा. त्याने नवाकोरा कॉम्प्युटर घेतला होता, आणि रेडियम कापण्याचे एक यंत्रही. रेडियम म्हणजे गाड्यांच्या नंबरपाटीवर लावतात तो चकचकीत चिकट कागद. त्या काळी असे यंत्र आसपास कुणाकडे नव्हते, म्हणून लोक नुसते ते चालताना बघायलाही यायचे.

त्याच्याकडे बुशरा काम करायची. तिचे घराणे श्रीवर्धनकडचे. वडील फजलभाई फळबाजारात आंब्याचे व्यापारी होते. बुशराने मुंबईला कलेचे शिक्षण घेतले होते, आणि अक्षरांवर तिचा फार जीव होता. रस्त्याने जाताना ती दुकानातला माल बघायची नाही, दुकानांच्या पाट्या बघायची.

एक दिवस रणजीत तिला म्हणाला, “गाव नवं, रस्ते नवे, इमारती नव्या. मग पाटीवरची अक्षरं आजोबांच्या काळातली कशाला? एकविसाव्या शतकातलं अक्षर काढ.”

बुशराने चौकटीचे कागद घेतले आणि ती कामाला लागली. तिने मला जाडजूड पाय दिले. माझ्या कडा तिरप्या कापल्या, म्हणजे अक्षर जागेवर उभे असले तरी ते वेगाने निघाले आहे असे वाटावे. पोटातल्या मोकळ्या जागा तिने आवळून अगदी चिरेएवढ्या केल्या. आणि शेवटी तिने एक मोठे धाडस केले. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर आडवी शिरोरेषा असते ना, ती तिने पुसून टाकली.

तो कागद तिने घरी वडिलांना दाखवला. फजलभाईंनी बराच वेळ तो जवळ धरला, मग लांब धरला. शेवटी म्हणाले, “वादळात छपरं उडालेली घरं दिसतात ही.” बुशरा हसली. तिला ती शाबासकीच वाटली. दुसऱ्या दिवशी रणजीतने कागद पाहिला आणि पाहतच राहिला. हेच पाहिजे होते, असे तो म्हणाला. नावही त्यानेच ठेवले.

मित्रांनो, पहिल्यांदा मला बघणारा प्रत्येक माणूस दचकायचा, आणि मला त्याची मौज वाटायची. मी पहिल्यांदा एका कॉम्प्युटर क्लासच्या पाटीवर गेलो. मग व्हिडिओ लायब्ररीवर गेलो, दांडियाच्या कापडी फलकांवर गेलो, टेम्पोंच्या कपाळावर गेलो. नेरूळच्या एका सोसायटीने तर गेटवर मला पितळेत ओतून घेतले. कबड्डीचे मंडळ आपल्या बनियनवर माझीच अक्षरे मागायचे. लोक दुकानात येऊन म्हणायचे, “ते रॉकेटवालं अक्षर द्या.”

एकदा गंमत झाली. वाशीच्या एका भेळवाल्याने हौसेने माझ्या अक्षरांत पाटी करून घेतली. दोन दिवसांनी तो परत आला. गिऱ्हाईक विचारते, “हे ‘मेळ’ काय असतं?” झाले असे होते, की भ आणि म यांच्यात फरक असतो तो वरच्या बाजूला. भ ला गाठ असते आणि तिथे रेघ तुटते. माझी रेघ तर गेलेलीच होती, आणि अक्षर इतके जाड की गाठही त्यात बुडून गेली होती. सगळे पोट धरून हसले. भेळवालाही हसला. पाटी त्याने तशीच ठेवली, कारण त्या निमित्ताने लोक थांबायचे.

कॉम्प्युटरमधले काम साठवायला तेव्हा फ्लॉपी नावाची चपटी चकती असायची. माझ्या प्रती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जाऊ लागल्या. ठाण्याला, पनवेलला, कुठे कुठे. रणजीत आधी चिडला, पण पुढे तोच अभिमानाने सांगायचा, की आपलं अक्षर बघा कुठं कुठं पोचलं.

आता एका बाईची ओळख करून देतो. तिचे नाव प्रेमला. ती साताऱ्याकडून लग्न होऊन इकडे आली होती. नवरा बाबासो धान्यबाजारात माथाडी कामगार होता, पोती उचलायचा. दोघे जवळच्या शिरवणे गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. प्रेमला जवळच्या एका रंगाच्या कारखान्यात झाडलोट करायची. लहानपणी ती शाळेत गेलीच नव्हती. पण त्या वर्षांत सगळीकडे साक्षरतेचे वर्ग सुरू झाले होते. शिरवण्याच्या शाळेच्या ओसरीवर संध्याकाळी विमलबाई नावाच्या शिक्षिका बायकांना शिकवायच्या. प्रेमला तिथे जाऊ लागली.

विमलबाई म्हणायच्या, अक्षरं रेघेला टांगलेली असतात, रेघेवर बोट धरून चाला. आणि वर्ग सुटताना त्या फळ्यावर रोज एकच शब्द लिहायच्या, ‘घोका’. घरी जाऊन घोकल्याशिवाय अक्षर डोक्यात बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे सगळे विमलबाईंनी पुढे बुशराला सांगितले, तेव्हा मला कळले.

प्रेमला परीक्षा पास झाली. तिला प्रमाणपत्र मिळाले. बाबासोने ते काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी टांगले. तेव्हापासून प्रेमला येता-जाता दिसेल ते वाचायची. साबणाची वेष्टने, भिंतींवरच्या घोषणा, टेम्पोच्या मागचे शेर. बाबासोला वाचता येत नव्हते. तो शेजारून चालत असायचा आणि ती त्याला सगळे वाचून दाखवायची. तो तिला एकदाही गप्प बस म्हणाला नाही.

ती काम करायची त्या कारखान्यात कुलदीप नावाचा सुपरवायझर होता. तरुण, भराभर बोलणारा, मनाने वाईट नसलेला माणूस. कारखान्यात पाहुणे येणार होते, म्हणून त्याला सगळ्या पाट्या नव्या करायच्या होत्या. तो रणजीतच्या दुकानात आला आणि म्हणाला, “टेन्शन नको, शब्द मी देतो. लूक फक्त मॉडर्न पाहिजे.” रणजीतने यंत्र लावले. कार्यालय, भांडार, उपाहारगृह, आणि लाल पत्र्यावर काळ्या अक्षरांत एकच शब्द, ‘धोका’. बुशराने तयार पाट्यांचा गठ्ठा पाहिला. तिला त्या फार देखण्या वाटल्या. मलाही मी देखणा वाटलो.

कारखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली होती. बायका तिथे आपले झाडू आणि बादल्या ठेवायच्या. खोलीच्या छताजवळून ॲसिडचा पाइप जात होता. एक दिवस त्या पाइपचा जोड सैल झाल्याचे कुलदीपच्या ध्यानात आले. त्याने सगळ्या कामगारांना बोलावून सांगितले, की उद्या दुरुस्ती होईपर्यंत कुणी त्या खोलीत जायचे नाही. मग त्याने दारावर ‘धोका’ची पाटी लटकवली. सगळ्यांना तोंडी सांगून झालेच होते. पाटी नुसती नियमापुरती होती.

पण प्रेमला त्या दिवशी कामावर नव्हती. तिच्या धाकट्या मुलाला ताप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. बाकीच्या बाया पुढच्या अंगणात होत्या. ती एकटीच मागच्या बाजूला आली, आणि माझ्यासमोर थांबली. नवी पाटी दिसली म्हणून तिचे डोळे चमकले. सवयीप्रमाणे तिने बोट उचलले आणि रेघ शोधली. रेघ नव्हती. बोट थोडा वेळ हवेतच राहिले. मग तिने एकेका अक्षरावर ते टेकवले. माझा ध आणि माझा घ यांच्यातही गाठीचाच फरक होता, आणि ती गाठही जाड काळ्या रंगात मिटून गेली होती. तिने वाचले, “घो... का. घोका.”

मित्रांनो, ती हसली. विमलबाईंची माणसे त्याच आठवड्यात कारखान्याच्या भिंतीवर साक्षरतेच्या घोषणा लिहून गेली होती. ही पाटीही त्यांचीच असणार, असे तिला वाटले. विमलबाई इथवर पोचल्या म्हणायच्या, असे काहीतरी ती पुटपुटली. आणि तिने दार ढकलले.

दार आत गेले. दारासोबत मीही आत गेलो. म्हणून मला सगळे दिसले.

ती झाडू घ्यायला वाकली तेव्हा काही झाले नाही. ती उठली, आणि झाडूचा दांडा वरच्या पाइपला लागला. फार जोरात लागला नव्हता. जोड निसटला. मी आणखी वर्णन करणार नाही. तिने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले एवढेच सांगतो. माझ्यावरही शिंतोडे उडाले, आणि माझ्या ‘का’चा काना वितळून खाली ओघळला. तिच्या ओरडण्याने बाया धावत आल्या. त्यांनी तिला ओढून बाहेर काढले आणि नळाखाली धरले. कुणीतरी टेम्पो आणला. सगळे गेले, आणि मी त्या उघड्या दारावर तसाच राहिलो, तोच शब्द धरून. माझे जाडजूड पाय, एवढा काळा रंग, एवढा डौल, आणि एका बाईला मी एक शब्द सांगू शकलो नव्हतो. मला वाटले, आता कुणीतरी येऊन मला विचारील. पण कुणी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

पुढे जे घडले त्याने मी आणखी सुन्न झालो. कारखान्याने चौकशीत सांगितले, की दारावर पाटी होती, बाईला वाचता येत होते, तरी ती आत गेली, म्हणून चूक तिची. आणि पुरावा म्हणून त्यांनी तिचे साक्षरतेचे प्रमाणपत्र मागवून घेतले. देव्हाऱ्याशेजारचे ते प्रमाणपत्र बाबासोला स्वतःच्या हाताने खिळ्यावरून उतरवून द्यावे लागले.

बाबासोने पाटीच्या कोपऱ्यातले दुकानाचे नाव कुणाकडून तरी वाचून घेतले, आणि तो वाशीला आला. दुकानात बुशरा एकटीच होती. तो भांडायला आला नव्हता. त्याला नुसते विचारायचे होते, की त्या पाटीवर काय लिहिले होते. बुशराने सांगितले, धोका. तो तिथल्या बाकावर बसला. खांद्यावरच्या पंच्याने त्याने तोंड पुसले.

“तिला वाचाय येत नसतं तर बरं झालं असतं बघा,” तो म्हणाला. “अडाणी ऱ्हायली असती तर तिची चूक कुनी म्हनलं नसतं. शिकली म्हनून घात झाला.”

हे कसे घडले ते बुशराला अजून कळले नव्हते. पाटी तर होती, शब्दही बरोबर होता. ती त्याच्यासोबत दवाखान्यात गेली. तिथले सगळे तिने पुढे रणजीतला सांगितले, तेव्हा मी ऐकले. प्रेमलाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, एक डोळा वाचेल असे वाटते, दुसऱ्याचे सांगता येत नाही. बाबासोने बायकोला सांगितले, की पाट्या करणाऱ्या बाई आल्या आहेत. प्रेमलाने आवाजाच्या दिशेने तोंड वळवले.

“बाई,” ती म्हणाली, “त्या दारावर घोका लिवलं हुतं. मी पडल्या पडल्या इचार करतीया. काय घोकायचं हुतं वो?”

बुशराने तिचा हात धरला होता. तो तिच्या हातून सुटला. ती तशीच उठून बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या भिंतीला टेकून उभी राहिली. बाबासो तिच्यासाठी पाणी घेऊन आला, तोवर ती दुकानाकडे निघाली होती.

दुकानात परतल्यावर तिने कॉम्प्युटरवर माझ्या अक्षरांत दोन शब्द टाकले. धोका. घोका. ती पडद्याजवळ बसून पाहू लागली. जवळून फरक दिसत होता, टाचणीच्या टोकाएवढा. मग ती उठून दुकानाच्या दारापाशी गेली आणि तिने तिथून पाहिले. दोन्ही शब्द एक झाले होते. तिने मला रेषारेषेने घडवले होते, माझे प्रत्येक वळण तिच्या बोटांना पाठ होते, आणि तिथून मी तिलाही ओळखू येईना. तिचा तो चेहरा मी पडद्यावरून पाहिला. तिच्याइतकाच मीही गारठलो होतो.

तिने रणजीतला सांगितले, की चौकशीत जाऊन ती हे दाखवणार आहे. रणजीत हबकला. तो म्हणाला, “आपण अक्षरं दिली. कुठं लावायची ते त्यांचं काम. तू तिथं उभी राहिलीस, तर उद्या आपल्याकडं पाटी करायला कोण येईल?” तो खोटे बोलत नव्हता. दुकानाची सगळी वट माझ्यावर होती. बुशराने वाद घातला नाही. घरी तिने वडिलांना विचारले. फजलभाई म्हणाले, जायचे असेल तर मी सोबत येतो, पण बोलायचे तुलाच.

चौकशी कारखान्याच्या कार्यालयात होती. सरकारी अधिकारी होते, कारखान्याचे साहेब होते, कुलदीप होता. एका बाजूला बाबासो आणि विमलबाई बसले होते. रणजीतही आला होता, पण तो मागे दाराशी उभा राहिला. टेबलावर मी होतो, वितळलेल्या कान्याचा. साहेबांनी मला उचलून दाखवले आणि ते म्हणाले, एवढी मोठी ठळक पाटी आहे, यापेक्षा आम्ही काय करायला हवे होते?

मग बुशरा उभी राहिली. तिने पिशवीतून दोन नव्या पाट्या काढल्या. दोन्ही लाल, दोन्हीवर माझी काळी अक्षरे. तिने त्या समोरच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि कुलदीपला विचारले, “तुम्ही दारावर लावली होती त्या पाटीसारखी यातली कोणती आहे?”

कुलदीप म्हणाला, दोन्ही तशाच आहेत. बुशरा म्हणाली, नाही, शब्द वेगळे आहेत, नीट पाहून सांगा. कुलदीपने पाहिले. तो मान इकडून तिकडे करत राहिला. अधिकाऱ्यांनीही चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. शेवटी कुलदीपने डावीकडची पाटी दाखवली. ही, तो म्हणाला.

बुशराने ती पाटी उलटी केली. मागे पेन्सिलने, शिरोरेषा देऊन, साध्या वळणात लिहिले होते, ‘घोका’.

कुलदीपचा चेहरा पांढरा पडला. दुसरी पाटी त्याने स्वतःच उचलून उलटली आणि मागचा शब्द वाचला.

“हे अक्षर मी काढलंय,” बुशरा अधिकाऱ्यांना म्हणाली. “थोडं लांब गेलं, की मलाही ते वाचता येत नाही. त्या बाईंनी पाटी वाचली होती. त्यांनी बरोबरच वाचली. माझ्या अक्षरात तिथं तेच लिहिलं होतं.”

साहेब काहीतरी बोलू लागले, पण कुलदीप मध्येच उभा राहिला. त्याचे भराभर बोलणे त्या दिवशी अडखळत होते. तो म्हणाला, “आदल्या दिवशी मी सगळ्यांना तोंडी सांगितलं होतं. प्रेमला रजेवर होती. दुसऱ्या दिवशी तिला सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, पाटी आहे ना.”

मित्रांनो, मी त्या टेबलावर पडल्या पडल्या हे ऐकत होतो. सगळ्यांना माणसाने सांगितले होते, म्हणून ते बचावले. एकटी प्रेमला अक्षरावर विसंबली होती. आणि ते अक्षर मी होतो.

निकाल प्रेमलाच्या बाजूने लागला. तिला भरपाई मिळाली, औषधपाण्याचा भार कारखान्याने उचलला, आणि प्रमाणपत्र परत मिळाले. तिचा उजवा डोळा बरा झाला. डावा गेला. तो परत आणणे कुणाच्याच हातात नव्हते.

दुसऱ्या दिवशी रणजीत दुकानात आला, तो थेट यंत्रापाशी जाऊन उभा राहिला. बुशराला वाटले, आता हा कामावरून काढतो. शेवटी तो म्हणाला, “मीपण डावीकडचीच दाखवली असती.” त्या अक्षरांवर त्याने स्वतः यंत्र चालवले होते. मग त्याने पाते आणि रॉकेलची बाटली घेतली आणि स्कूटर काढली. जिथे जिथे कारखान्यांत, विजेच्या खोल्यांवर, पंपांवर मी सूचना देत उभा होतो, तिथे तिथे जाऊन त्याने मला खरवडून काढले. काही गिऱ्हाइके चिडली, काही तुटली. भेळवाल्याने मात्र स्वतःहून पाटी उतरवून आणून दिली. यावेळी तो हसला नाही.

बुशराने मला पुन्हा काढायला घेतले. पहिल्यांदा मला रेघ दिली. ध आणि भ यांच्या डोक्यावर ती तोडली आणि गाठ मोकळी केली. पोटातल्या जागा रुंद केल्या. पण आता ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नव्हती. प्रेमला काळा चष्मा लावून हिंडू-फिरू लागल्यावर बुशरा शिरवण्याला गेली आणि तिला विनवून म्हणाली, की ही नवी अक्षरे वाचून बघाल का? प्रेमलाने लगेच हो म्हटले नाही. त्या अक्षराचे नाव काढले तरी तिच्या अंगावर काटा यायचा. ती म्हणाली, बघते. मग पुढच्या रविवारी ती बाबासोला घेऊन आपण होऊन दुकानात आली.

बुशरा एकेक कागद भिंतीला लावायची. प्रेमला लांब बसून एका डोळ्याने वाचायची. अडली की ती घाबरायची, आपलेच चुकले असे वाटून गप्प व्हायची. बुशराने तिला सांगितले, की अडलात तर तुमचं नाही, माझं चुकलं. हे तिला पटायला फार दिवस लागले. पण एकदा पटले, मग तिने सोडले नाही.

“ह्यो भ न्हाई,” ती म्हणायची. “म च हाय अजून.”

बुशरा कागद उतरवायची आणि पुन्हा काढायची. बाबासो बाजूच्या बाकावर बसून पाहायचा. एका रविवारी त्याने एका कागदाकडे बोट केले आणि बायकोला हळूच विचारले, ह्याला काय म्हणतात? प्रेमलाने सांगितले, ग. बाबासोने तो मनाशी दोनदा म्हणून पाहिला.

असा मी दुसऱ्यांदा तयार झालो. पूर्वीइतका झोकदार मी राहिलो नाही, पण वाचता येऊ लागलो. तरीही बुशराने एक नियम केला. दांडियाला, दुकानाला, बनियनला मी चालेन. जीव वाचवणाऱ्या पाटीवर मला कधीच बसवायचे नाही. तिथे साधे, सगळ्यांच्या ओळखीचे अक्षरच हवे. मला त्याचे वाईट वाटले नाही. सुटल्यासारखे वाटले.

तुम्हाला वाटेल, इथे सगळे नीट झाले. पण पुढच्याच वर्षी बुशरा ठाणे-बेलापूर रस्त्याने जात होती. तळवलीपाशी रस्त्याकडेला विजेची एक पेटी होती. शेजारी मुले गोट्या खेळत होती. पेटीवर मी होतो. जुना मी, बिनरेघेचा. कुणीतरी कुठल्याशा फ्लॉपीवरून मला उचलून तिथे छापले होते. तोच शब्द होता. बुशरा जागच्या जागी खिळली. मीही तिच्याकडे पाहत राहिलो. मग ती धावत गेली आणि त्या मुलांना तिने आधी दूर नेले. रणजीतचे पाते तिच्या पिशवीत नव्हते. तिने मला नखांनी खरवडायला सुरुवात केली.

मित्रांनो, एकदा बाहेर पडलेले अक्षर परत बोलावता येत नाही. माझ्या जुन्या प्रती किती ठिकाणी आहेत, ते मलाही ठाऊक नाही. रोज कुठेतरी कुणीतरी मला उघडते आणि म्हणते, वा, काय झोकदार आहे. ते ऐकले की पूर्वी मी फुलून यायचो. आता मी आधी हे बघतो, की हा माणूस मला कुठे लावणार आहे.

तुम्ही शाळेत फलक लिहाल, भित्तिपत्रक कराल, उद्या मोठे होऊन पाट्याही कराल. अक्षरांशी खुशाल खेळा. त्यांना वाकवा, पळवा, उड्या मारायला लावा, ती रागावणार नाहीत. पण ज्या शब्दावर कुणाचा जीव अवलंबून आहे, तो लिहून झाल्यावर तुमच्या हुशार मित्राला दाखवू नका. त्याला तो आधीच ठाऊक असतो. नुकतेच वाचायला शिकलेले कुणीतरी शोधा. लहान भाऊ असेल, कामाला येणाऱ्या मावशी असतील, नाहीतर एखाद्या आजी असतील. त्यांना लांब उभे करा आणि वाचायला सांगा.

ते अडखळले, तर त्यांना हसू नका. त्यांना शब्द सांगूही नका. खोडरबर घ्या.